डब्यातलं ऊन

आमचे घरमालक उन्हाची पारख माशासारखी करायचे. सकाळी अंगणात येऊन हाताचा पंजा उलटा धरायचे, बोटं जराशी हलवायचे आणि निकाल द्यायचे. "आज ऊन ताजा आसा." नाहीतर, "आजचा शिळा, मास्तरांनू. बर्फातला." ढगाआडून झिरपत आलेलं ऊन त्यांच्या लेखी बर्फातलं. मालवणात जन्म काढलेला माणूस बाजारातल्या सुरमईवर चार शब्द बोलत नसे, पण उन्हाचा विषय निघाला की त्यांना थांबवणं कठीण.

मी देशावरून हायस्कुलात भूगोल शिकवायला आलो तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. घरमालक, म्हणजे सगळ्यांचे काका, परदेशी बोटींवर इलेक्ट्रिशियन होते आणि नुकतेच कायमचे घरी आले होते. बोट सुटली तरी बोटीवरचा निळा डगला सुटला नव्हता. बाह्या कापून टाकलेल्या, आणि खिसे इतके की बोलता बोलता कुठूनही टेस्टर, काळी पट्टी, फ्यूजची तार निघायची. बसायची सवय त्यांना नव्हतीच. जेवायचेसुद्धा उभ्याने, ताट डाव्या हातात धरून, खिडकीशी. मला हाक मारायची असली तर शीळ घालायचे. माणसांना ते व्होल्टेजवरून ओळखायचे. आमच्या हेडमास्तरांशी पहिल्यांदा बोलून परत आले तेव्हा म्हणाले, "माणूस बरो. पण व्होल्टेज कमी." हेडमास्तरांना पाहिलेल्या कुणालाही हे खोटं म्हणता आलं नसतं.

गावाला ते विक्षिप्त वाटायचे, मलाही वाटायचे. पहिला महिनाभर मी त्यांच्या गोष्टी शाळेत सांगून हशा पिकवत असे. मग एक दिवस काकींनी मला एक गोष्ट सांगितली आणि माझं हसणं थांबलं.

काकी ठेंगण्या, चपळ, हाताला विलक्षण चव असलेल्या. रोज संध्याकाळी सोलकढीचं भांडं घेऊन यायच्या आणि रोज विचारायच्या, "तुमी खंयचे?" मला वाटायचं, बोलायला निमित्त हवं असेल. त्या दिवशी त्या ओटीवर उभ्या होत्या आणि काका स्टुलावर चढून बल्ब बदलत होते. काकी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हे लाईटवाले बरे आसत हां. बोलावचा लागत नाय. आपसूक येतत. आमचे हे बोटीर आसत ना, तेंका काय ठावक, हंय लाईट कशी जाता ती."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. बल्ब नखाने टिचकी मारून पाहिला, बसवला, खाली उतरले आणि म्हणाले, "झाला, वैनी. आता बटण लावन बघा."

स्वतःच्या बायकोला ते वैनी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी आपणहून सांगितलं. बादली ओढता ओढता, माझ्याकडे न बघता. "आधी आधी सांगलंय तिका, गो, मी तुझो घोव. तर ती भियाली. रडाक लागली. घरात शिरान परको पुरुष असा सांगता, कोण भियाचा नाय? मगे मी लाईटवालो झालंय. लाईटवाल्याक ती भियेना नाय. चाय देता."

त्यांचं सगळं आयुष्य असं गेलं होतं की वर्षातला महिना-दीड महिना घरी आणि बाकीचं पाण्यावर. काकी त्या घरात एकट्या राहिल्या, सासू-सासऱ्यांचं केलं, त्यांना पोचवलं, आणि वाट पाहिली. काका कायमचे परत आले त्याच वर्षी काकींचं विसरणं सुरू झालं. आधी वस्तू, मग दिवस, मग माणसं. वाट बघणं तेवढं विसरल्या नाहीत. ज्याची वाट बघायची तो पुढ्यात उभा राहिला तरी.

काळोखाला काकी फार भ्यायच्या. त्या काळी आमच्याकडे लाईट जायची म्हणजे वारा सुटला तरी जायची. दिवेलागणीला लाईट गेली की काकी किंचाळायच्या. अनवाणी रस्त्यावर धावायच्या. "माका घराक जावचा आसा, माका घराक न्हेवा." आपल्या घराच्या फाटकाला धरून त्या हे म्हणायच्या. काका कंदील घेऊन मागे धावायचे. एकदा तर त्या सापडल्याच नाहीत. शोधता शोधता आम्ही एसटी स्टँडवर गेलो तर उभ्या गाडीत खिडकीशी बसलेल्या. कंडक्टर म्हणाला, "वेंगुर्ल्याचा तिकीट मागतत. माहेर थंय म्हणतत." काका गाडीत चढले आणि शेजारी बसले. मला म्हणाले, "तुमी जावा घराक. मी हिका फिरवन आणतंय."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता. गाडी चालू असली की काकी शांत असतात, एवढं त्यांना सापडलं होतं. चालत्या गाडीत त्या 'घरी जायचंय' म्हणत नाहीत, कारण घरीच तर चाललोय. आणि गाडीतला दिवा जात नाही, कारण तो गावाच्या तारेवर नसतो. त्यानंतर महिनाभर ती दोघं नुसती एसटीने फिरत होती. मालवण-कुडाळ, कुडाळ-वेंगुर्ले, वेंगुर्ले-सावंतवाडी. कंडक्टर ओळखीचे झाले. काकी खिडकीशी, शेजारी लाईटवाले.

त्यातूनच डब्याची कल्पना निघाली. चाकांवरचं घर, आणि त्यात कधीही न जाणारा दिवा.

विलायतेहून रस्त्याने आलेलं एक जोडपं चाकांवरचा एक घरडबा गोव्यात टाकून विमानाने परत गेलं होतं. एका गॅरेजच्या मागे तो आंब्याखाली पडून होता. आत दोन बाक, एक शेगडी, छोटं कपाट, खिडक्यांना पडदे. मागे जीप जोडून ओढायचा. काकांनी त्यासाठी आधी जीप घेतली, तीही लष्कराने मोडीत काढलेली, आणि आम्ही तिघं डबा आणायला गेलो. काकींना मागे ठेवणं शक्यच नव्हतं. येताना काका जीप चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, आणि काकी आमचं न ऐकता डब्यात बसलेल्या.

हद्दीवर, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आम्हाला थांबवलं. साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांनी असला प्रकार आयुष्यात पाहिला नव्हता.

"हे काय आहे?"

"घर," काका म्हणाले.

"घर असं रस्त्यावरून नेता येत नाही."

"चाकां आसत ना."

"चाकं आहेत म्हणजे वाहन झालं. मग याचं इंजिन कुठे आहे?"

"साहेब, घराक इंजीन कशाक होया?"

हे बराच वेळ चाललं. दोन ट्रकचे ड्रायव्हर उतरून ऐकायला उभे राहिले. शेवटी साहेब आत काय माल आहे ते पाहायला मागचं दार उघडून डोकावले. आत काकी पदर सावरून बाकावर बसल्या होत्या. त्या लगबगीने उठल्या.

"येवा, येवा. बसा. घर ल्हान आसा, गैर मानू नकात. चाय घेतलास?"

साहेब गोंधळून पायरीवरच उभे राहिले. मग म्हणाले, "नको मावशी. पुन्हा कधीतरी." आणि दार हळूच लावून घेतलं. आमच्याकडे वळून म्हणाले, "जा घेऊन."

मी आनंदाने काकांकडे पाहिलं तर ते चाकाशी वाकले होते. टायर दाबून बघत होते. ते टायर चांगले होते, त्यांना काही झालेलं नव्हतं. "घर म्हणाली," ते म्हणाले. "ऐकलात ना तुमी? घर म्हणाली."

सोलरच्या प्लेटी त्यांच्याकडे आधीपासूनच होत्या. भर समुद्रात तेलाच्या विहिरींजवळ खुणेचे दिवे असतात, त्यांच्यावरच्या जुन्या काढून नव्या बसवताना दोन टाकाऊ प्लेटी काकांनी मागून घेतल्या होत्या आणि गोधडीत गुंडाळून ट्रंकेतून घरी आणल्या होत्या. इतकी वर्षं त्या माळ्यावर पडून होत्या. त्या आता डब्याच्या टपावर चढल्या. निळ्याकाळ्या काचा, आत रुपेरी रेघा. खाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या, एसटीत असते तसली ट्यूब आणि एक पंखा. महिनाभर काका टपावरच होते. जेवणसुद्धा वरती, अर्थात उभ्याने.

जोडणी पुरी झाली त्या रविवारी त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं. भर दुपारी बारा वाजता डब्यातली ट्यूब लावली. कुणालाच काही वाटलं नाही. बाहेर लख्ख ऊन, त्यात ट्यूब काय दिसणार? शेजारचे किराणावाले म्हणाले, "उजेडात उजेड पाडलास, काका. काळोखाचा काय?"

काका याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी बॅटरीवर हात ठेवला. "पावसासाठी तुमी सुकी मासळी भरून ठेवतास ना? तसा ह्या. ऊन सुकवन ह्या पेटयेत भरूचा. मगे होया तेवा काढूचा."

"मासळी चार म्हयने रवता," किराणावाले म्हणाले. "तुमचा ऊन कितके दिस रवात?"

काका म्हणाले, "दोन-तीन दिस."

माणसं हसत हसत पांगली. काका बॅटरीवरचा हात न काढता तसेच उभे होते. कोकणात ऊन कधी नसतं आणि लाईट कधी नसते, याचं उत्तर एकच आहे हे भूगोलाच्या मास्तराला कुणी सांगायला नको होतं. त्यांनाही ते माहीत होतंच. पण तोवर ते कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

तो हिवाळा मात्र त्यांचा होता. पाऊस संपल्यावर डबा निघाला तो आज आचरा, उद्या देवबाग, मग वेंगुर्ले, शिरोडा असा फिरत राहिला. चार दिवसांनी परत यायचे, तांदूळ-पाणी भरायचे आणि पुन्हा निघायचे. काकींचं किंचाळणं बंद झालं. दिवेलागण झाली की डब्यातली ट्यूब लागायची, आणि आजूबाजूचं गाव काळोखात बुडालं तरी ती लागलेली राहायची. काकी त्या उजेडात बसून भाजी चिरायच्या. त्यांनी अंगही धरलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत काकांनी मलाही बरोबर घेतलं. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ, समुद्र दिसेल अशा जागी डबा उभा केला होता. सूर्य बुडाला. काकांनी ट्यूब लावली आणि नेहमीप्रमाणे दाराशी उभे राहिले. काकी तांदूळ निवडत होत्या. मी समोरच्या बाकावर. मग काकी तांदळातून मान वर न काढता म्हणाल्या, "लाईटवाल्यांनू, तुमका म्हणान एक सांगतंय. आमच्या ह्यांका ठावक नाय."

"सांगा, वैनी."

"आमचा चेडू होता. एक वर्साचा. तापान गेला. तेवा लाईट खंय होती? पाऊस असो, की दार उघडूक गावना नाय. घरात रॉकेल संपला. दिवो इजलो. काळोखात ता माझ्या मांडयेर होता. मी थोपटी होतंय. कधी गेला ता माका कळाक नाय हो. मी थोपटीतच होतंय. उजाडला तेवा बघलंय." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "ह्यांका मी कळवलंय, डॉक्टर इलो होतो, औषध दिला, सगळा केला, पण गेला. खोटा कळवलंय. ते थंय बोटीर सगळ्यांका उजेड करतत, आणि तेंच्या घरात... तेंका लागात हो. तुमी सांगू नकात हां. ते इले तरी सांगू नकात."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. तोंड बाहेर, समुद्राकडे. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"नाय सांगूचंय, वैनी," ते म्हणाले.

"शपथ?"

"शपथ."

काकींचं समाधान झालं. त्यांनी तांदूळ धुवायला घेतले. काका खाली उतरून किनाऱ्याने चालत गेले आणि भात होईपर्यंत आले नाहीत. आल्यावर त्यांनी ट्यूबच्या पट्टीवरची धूळ बोटाने पुसली आणि ताट हातात घेतलं.

त्या दिवसानंतर त्यांनी प्लेटींचा ध्यास घेतला. पावसाळ्यात उजेड टिकलाच पाहिजे. दोन-तीन दिवसांचे आठ, आठाचे पंधरा दिवस झाले पाहिजेत. आणखी प्लेटी कुठे मिळतात, बॅटऱ्या कुठे मिळतात, यासाठी ते हिंडू लागले. सूर्य सरकेल तशी प्लेट वळवायची म्हणून टपावर एक कप्पी आणि दोरी बसवली, आणि दर तासाला दोरी ओढायला जाऊ लागले. फिरणं कमी झालं. डबा अंगणातच उभा राहू लागला, कारण त्याचं सदा काहीतरी उघडलेलं असे. काकी आत बसून विचारायच्या, "आज जावचा नाय?" काका टपावरून सांगायचे, "जावया, वैनी. पावसाची तयारी होऊन जांवदे."

मे महिना संपत आला होता. आकाशात ढग येऊन जाऊ लागले होते. काका सकाळच्या गाडीने कुडाळला गेले, कुणीतरी जुनी पण दमदार बॅटरी देतो म्हणाला होता. शेजारच्या बाई काकींकडे लक्ष ठेवून होत्या आणि मी ओटीवर बोर्डाचे पेपर तपासत बसलो होतो.

काकी न्हाऊन बाहेर आल्या. चांगलं लुगडं नेसल्या होत्या. केसांत अबोलीचा वळेसर. म्हणाल्या, "मास्तरांनू, हे खंय गेले?"

"कोण, काकी?"

"कोण म्हणजे? आमचे हे. चायसुद्धा घेऊक नाय."

मी लाल पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्यातून पलीकडे नव्हे. मास्तर म्हणून हाक मारली होती आणि मी खंयचा हे विचारलं नव्हतं.

"कुडाळला गेलेत," मी म्हटलं. "येतीलच."

"बोट सुटली तरी पायाक भिंगरी आसाच," त्या हसल्या. "केस कितके पिकले हो तेंचे. सकाळी जाताना पाठमोरे बघलंय. कधी पिकले? माझा ध्यानच नव्हता."

मी शेजारच्या बाईंना त्यांच्यापाशी बसवलं आणि स्टँडवर धावत गेलो. कुडाळला निघालेल्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, काका दिसले तर त्यांना म्हणावं, असाल तसे निघा, काकी तुम्हाला विचारतायत. 'आमचे हे' म्हणून विचारतायत. परत आलो तर काकींनी कोळंबीचं तिखलं केलं होतं. दोन ताटं मांडली होती. एक जमिनीवर पाटापुढे, एक खिडकीच्या कट्ट्यावर. ते कट्ट्यावरचं ताट बघून मला भडभडून आलं.

त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. दुपार झाली. "बसा, काकी," म्हटलं तर म्हणाल्या, "बसलंयच ना इतकी वर्सां." ऊन कलंडलं. मग त्या हळूहळू ओटीच्या पायरीवर येऊन बसल्या. केसांतली अबोली त्यांनी काढली, हातात घेऊन बघत राहिल्या, जणू ती कुणाची असा प्रश्न पडल्यासारख्या. मी बोलत राहिलो. काहीही बोलत राहिलो, की त्यांनी इथेच राहावं. त्या हो, हो म्हणत होत्या.

काका आले ते धावत. स्टँडपासून, त्या वयात, खांद्यावर बॅटरी घेऊन. ती टाकून द्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. घामाने डगला काळा पडला होता. फाटक पायाने ढकलून ते आत आले आणि पायरीसमोर उभे राहिले. धाप लागली होती.

काकींनी वर पाहिलं.

"इलास, लाईटवाल्यांनू?" त्या म्हणाल्या. "आज काम नको हां. आज आमचे हे येवचे आसत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसा मगे भायर," काकी म्हणाल्या. "चाय घेवन जावा."

त्यांनी चहा आणून दिला. परक्यांना द्यायच्या कपातून, ओटीच्या बाहेरच्या कठड्यावर. काकांनी तो घेतला. त्या दिवशी मी त्यांना घरी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

काकी आत गेल्यावर मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे थांबवलं नाही. फक्त संपल्यावर विचारलं, "केसांचा काय म्हणाली?" मी पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, "पाठमोरो बघल्यान म्हणाली?" मी हो म्हटलं. "मगे हाक कित्याक मारूक नाय?" ते म्हणाले. ते मला विचारत नव्हते. "मारली आसतली. माझा ध्यान बॅटरयेत."

ती बॅटरी त्यांनी अंगणातून उचललीच नाही. टपावरची दोरी ओढायला ते पुन्हा गेले नाहीत. सकाळ झाली की काकींच्या समोर जाऊन बसायचे, त्यांच्या तोंडाकडे बघत. ती नजर पुन्हा एकदा येईल, आणि आली की आपण समोर असलो पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. काकींना याचा त्रास होऊ लागला. शेजारच्या बाईंकडे त्या तक्रार करायच्या, "हे लाईटवाले आता काम करनत नाय. नुसते बसान माझ्याकडे बघत रवतत. आमचे हे इले काय सांगतलंय तेंका." काका ते ऐकायचे आणि थोडे मागे सरकून बसायचे. जेवायचेही आता बसूनच, तिथेच.

पाऊस आला तो खांब पाडतच आला. गावात आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. काकी आता डब्यातच राहत होत्या, आणि डब्यातली ट्यूब पहिले तीन दिवस लागली, मग टोकांशी तांबडी झाली आणि मग विझली. प्लेटींवरून नुसतं पाणी वाहत होतं. काका जीपचं इंजिन अंगणात चालू ठेवून बॅटरी भरायला बघायचे. धुराने काकींना खोकला लागला, तेव्हा तेही बंद केलं. कंदील लावला तर तो विझायची वाट बघणं सोसत नसल्यासारख्या काकी त्यावर पाणी ओतायच्या. "दिवो इजतलो, दिवो इजतलो," एवढंच बोलायच्या. काय थोपटत असायच्या ते मला आणि काकांनाच ठाऊक होतं. मांडी रिकामी असायची.

मग ताप आला. डॉक्टर भिजत आले, इंजेक्शन देऊन गेले. श्रावणातल्या एका दुपारी, बाहेर भर दुपारी कातरवेळेसारखं झालेलं असताना, काकी गेल्या. लाईटवाल्यांचा हात धरून गेल्या.

दहाव्याला आम्ही पाच-सहा माणसं खाडीकाठी जमलो. वेंगुर्ल्याहून काकींचे भाऊ आले होते. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता. भटजींनी पिंड मांडला आणि सगळे मागे सरकून उभे राहिलो. माडांवर कावळे पुष्कळ होते. एकही खाली उतरेना.

भावाने हात जोडून सांगितलं, "बाये, तुझ्या माहेरचो हुंडो-दागिनो आसा तसो रवात, चिंता करू नको." कावळा आला नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, घराची काळजी करू नको. कावळा आला नाही. भटजी काकांना म्हणाले, "तुम्ही सांगा. काही राहिलं असेल, तुम्हालाच ठाऊक असणार."

काका पुढे गेले. डगला नव्हता. उघड्या अंगाने, ओल्या पंचाने ते पिंडासमोर उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि मोठ्याने, लांबच्या माणसाला ऐकू जावं तसं म्हणाले, "गो, मी इलंय. बोटीवरसून इलंय. आता परत जावचंय नाय."

आम्ही माडांकडे बघत होतो. एक कावळा उडाला, खाडीवरून पलीकडच्या काठाला गेला. बाकीचे बसून राहिले. सर आली. भटजी थोडा वेळ थांबले, आभाळाकडे पाहिलं, आणि मग काहीच इलाज नसतो तेव्हा करतात तसा त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

परत येताना काका माझ्या शेजारून चालत होते. पावसाने सगळेच भिजलो होतो. घर जवळ आलं तसे ते थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मास्तरांनू, अजून वळखल्यान नाय माका."